पत्ता

तेहतिसाव्या दिवशी नातीला देवळात न्यायचं
ते बापाच्या आईनं. रीतच तशी.
बाळंतिणीला सोयर असते म्हणे.
म्हणजे मीच.
अडुसष्ट वर्षं मिनाशिरो बंदरात काढली,
पण त्या दगडी तोरीखालून एकदाही गेले नव्हते.
मासळीची टोपली घेऊन जातानासुद्धा
शाळेमागच्या चिखलातून वळसा.

विहीणबाई फुजिए काही बोलल्या नाहीत.
बगळ्यांचा किमोनो बाळावर पसरला,
बंद माझ्या मानेमागे बांधले,
बंदाला कागदी कुत्रा लटकवला
आणि गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली.
मी पळून जाईन असं वाटलं असेल.

कमानीपाशी पाय थांबले.
लहानपणी आजी सांगायची ते सगळं आठवलं :
पायाखाली ठेवलेली चित्रं,
भिंतीत लपवलेली माळ.
तेवढ्यात नागिसाला शिंक आली.
मी खाली पाहिलं, नाक पुसलं,
वर पाहिलं तर कमान मागे पडलेली.

दगडी कुंडाशी आम्ही पळीनं हात धुतले,
चूळ भरली.
बाळाला कुणी थेंब लावला नाही.
ते स्वच्छच आहे म्हणे, मळ आमचाच.

कुझे पुजारी इतर दिवशी नगरपालिकेत बसतात,
जन्माचे दाखले देतात.
पांढऱ्या कागदी झुरमुळ्या
आमच्या डोक्यांवरून सळसळल्या,
मग खर्जात, लांबलचक सुरात
त्यांनी देवाला आमचा पत्ता सांगितला.
पूर्ण पत्ता.
जिल्हा, बेट, पूर्वेची वाडी, घर क्रमांक सतरा.
मला हसू आवरेना.
एवढ्या मोठ्या देवाला
घर सापडत नाही की काय?

पुढच्या रविवारी आमचं लाकडी चर्च.
इथंही चपला दाराबाहेरच.
काचेत चार पाकळ्यांची तांबडी कामेलिया,
खाली ऊन सांडलेलं.
फादर हितोमींनी पत्ता विचारला नाही.
विचारलं, नाव काय ठेवलंत?
तेक्ला, काझुओमी म्हणाला. माझ्या आजीचं नाव.
मोठी माणसं सगळी कोरडी,
आणि पाणी पडलं ते त्या इवल्या टाळूवर,
तीनदा.
असा टाहो फोडला पोरीनं!
फुजिएबाई अर्ध्या उठल्या,
पदरातला रुमाल काढला, पुन्हा बसल्या.
गेल्या रविवारची मीच दिसले मला त्यांच्यात.
मेणबत्ती धरायला मी त्यांनाच दिली.
त्यांनी दोन्ही हातांनी धरली,
देवाला नैवेद्य धरतात तशी,
आणि मेण बोटांवर ओघळलं तरी हलल्या नाहीत.

एप्रिलमध्ये डबाबंद मासळीचा कारखाना मिटला.
काझुओमी ओसाकाला निघाला, चिझुरू आणि बाळाला घेऊन.
पाचवा मजला, लिफ्ट आहे म्हणतो.
मी कुझेंच्या खिडकीशी गेले,
घर क्रमांक सतरा रिकामं होतंय,
देवाला कळवायचं का?
चष्मा वर सारून म्हणाले,
आजी, हे खातं बदलत नाही.
जन्म जिथला, देव तिथलाच.
तिथून फादरकडे गेले.
त्यांनी मोठं जाड पुस्तक उघडून दाखवलं :
ती लग्न जगात कुठंही करो,
कागद शेवटी इथंच येणार,
ह्याच ओळीपुढे लिहिला जाणार.

म्हणजे पत्ता ह्यांनीही ठेवलाच होता.

खोकं भरताना कागदी कुत्रा आणि मेणबत्ती
जुन्या वर्तमानपत्रात एकत्र गुंडाळली.
कुत्र्याची शेपटी आधीच चेपलेली.
वर मोठ्या अक्षरांत ओसाकाचा पत्ता लिहिला,
पाठवणाऱ्याच्या जागी आमचा,
जिल्हा, बेट, पूर्वेची वाडी,
आणि लिहिता लिहिता आवाज खर्जात गेला माझा.
चिझुरू दारातून पाहत होती.
म्हणाली, आई, कुणाशी बोलताय?